काळोखाचा आकडा

लाइनेबाईंनी घरून बिस्किटांचा डबा आणला,
पत्र्याचा, झाकणावर लाल गलबत.
आतून तीनदा काळा रंग, शिवणीवर डांबर,
आणि मधोमध एक जुनी नळी,
रशियन अक्षरांची, भंगारात किलोवर घेतलेली.
डबा बसवला सूक्ष्मदर्शकाच्या मानेवर,
एरवी डोळा टेकतो तिथे.

तार्तूत जानेवारी. साडेतीनलाच दिवस मालवतो,
तरी आम्हाला तो अंधार पुरेना.
दाराच्या फटीला कांबळं,
वीजपेटीच्या हिरव्या टिकलीवर चिकटपट्टी,
किल्लीच्या भोकात चघळलेला कागद.
प्राध्यापक तामसार बाहेरूनच विचारत,
"काय उजेड पाडलात?"
"पाडत नाही," बाई म्हणत, "अडवतोय."

हजार व्होल्ट चढले की नळी मोजू लागे.
प्रकाशाचा एक कण, एक खट.
झडप बंद असली तरी खट. खट.
"तिची ती बडबड. ऊब आहे तिथे बडबड असायचीच."
मग खिडकीबाहेरचा बर्फ
पिशव्यांत भरून डब्याला लावला.
सेकंदाला बारा.

झडप उघडली की मात्र चाळीस.
खाली नमुना नाही, काचपट्टी नाही, तरी चाळीस.
तीन रात्री एकेक स्क्रू आम्ही
चोराकडे पाहावं तसा पाहिला.

चौथ्या रात्री, काळ्या बाहीतून आत घातलेला हात
बाईंनी चहासाठी बाहेर काढला,
आणि आकडा धाडकन बारावर.
हात आत, चाळीस.
हात बाहेर, बारा.

त्यांच्या मनगटावर भावाचं घड्याळ होतं,
पार्नूच्या मासेमारी बोटीवर तो यंत्रं बघायचा.
रेडियमच्या रंगाचे आकडे.
"हे विझून वीस वर्षं झाली गं," त्या म्हणाल्या,
"रात्री उशाशी धरून पाहिलंय मी."

मी म्हटलं, बाहेर खुंटीला अडकवू.
त्यांनी ते काढलं,
आणि नेऊन भिंगाखाली ठेवलं.
तासभर मोजलं आम्ही. कुणी बोललं नाही.
चहा गार झाला.

नंतर पेशी ठेवली, काजव्याचं विकर घातलेली,
ती बारावर जेमतेम तीन चढली,
तेवढ्यावर मी माझा प्रबंध लिहिला.

वहीत त्या रात्रीची पहिली नोंद अजून आहे,
बाईंच्या अक्षरात, न खोडलेली.
तामसारांनी विचारलं, हा कुठला नमुना?
मी सांगितलं, यंत्राची चाचणी.