ग्रोमेट

दोंडाईच्यात मिरचीच्या पथारी पसरल्या
की आख्खं गाव शिंकतं.
त्या ठसक्यातही उखा मिस्तरींच्या नाकाला
जळालेली वायर लांबून कळायची.

निंबानं पिकअप ढकलत आणली
तेव्हा डॅशबोर्डखालून धूर निघत होता.
घराच्या फिटिंगमधून उरलेली वायर
त्यानंच ओढली होती हेडलाइटला.
"घरात दोनशे तीस झेलते, मिस्तरी,
ही तर बाराची बॅटरी.
बारानं काय होतंय?"

मिस्तरी हसले नाहीत.
"दाब कमी शे, मंग पानी जास्त सोडनं पडस.
नळी मोठी नको का?"

ब्लेडनं टोक सोललं. आत तीन जाड तारा.
वाकवल्या, सरळ केल्या, परत वाकवल्या.
किती वेळा ते मी मोजलं नाही,
एक तुटली.
"भित हालत नही. गाडी हालस."

मी अडीचचं लाल बंडल पुढे केलं.
आत बारीक तारांची झुलपी,
मोजायला बसलं तर जेवणाची सुट्टी संपेल.
तरी त्यांनी एक तार खरवडून पाहिली,
आतून पांढरी निघते का म्हणून.
मागच्या दिवाळीत फसलो होतो आम्ही
तांब्याच्या भावात अ‍ॅल्युमिनिअम घेऊन.

इंजिनपासून हातभर दूर नेली वायर,
बॅटरीला लागून पंधराचा फ्यूज.
"आधी ह्यानं जळायचं," मला म्हणाले,
"त्याला पगारच त्याचा."

निंबा मीटरचे भाव विचारत राहिला.
थोडे दिले, थोडे पुढच्या खेपेला म्हणाला,
आणि पोती भरून शहाद्याकडे निघून गेला.

झाडू मारताना मला बाकड्याखाली
रबराचं काळं कडं सापडलं,
पत्र्याच्या भोकात बसवायचं.
बसवायचं काम माझं होतं.

मी काही बोललो नाही. कडं फक्त तळहातावर धरलं.
मिस्तरींनी ते पाहिलं, मग माझ्याकडे,
मफलर गुंडाळला, लुना काढली.
उघड्या पत्र्यावर वायर घासत घासत
किती कोस जाते, कोण सांगणार.

सारंगखेड्याच्या पुलाअलीकडे गाठलं म्हणे,
चहाच्या टपरीवर.
दहा वाजता परतले, डोळ्यांत पाणी.
थंडीचं की मिरचीचं, विचारलं नाही.
मला एवढंच म्हणाले:
"डबा खाल्ला का रे?"