मिळून आली नाही

समन्सवर लिहिलंय : कु. वैजयंती तुकाराम लोणे, वय ९,
राहणार दारूखाना, जळालेल्या गोदामामागे.

गोदाम नाही. गोदामामागचं काहीच नाही.
निळ्या पत्र्याचं कुंपण आहे,
आत एक कुत्रं, मी रोजचा असल्यासारखं शेपूट हलवणारं.
चहावाला म्हणाला, ती सगळी माणसं माहुलला टाकली.
टाकली म्हणाला,
राडारोडा टाकावा तसं.

सतरा वर्षांत कागदावर तिचं वय वाढलेलं नाही.
आरोपपत्रावरून कारकून उतरवून घेतो,
कारकून बदलतात, वकील बदलतात,
एक न्यायाधीश तर वारले,
नऊचा आकडा तसाच.

माहुलला इमारतींना नावं नाहीत, नंबर आहेत.
सातवा मजला. लिफ्ट बंद.
येत्या मेमध्ये मला अठ्ठावन्न पुरी,
गुडघे आधीच निवृत्त झालेत.
प्रत्येक वळणावर थांबतो, रिफायनरीचा वास छातीत घेतो,
पुन्हा चढतो.

दार उघडलं तर समोर युनिफॉर्म.
निळा शर्ट, खांद्याला शिट्टीची दोरी,
मॉलमध्ये बायकांच्या पर्सा तपासायची ड्युटी.
क्षणभर दोघंही सावधान उभे.
लोणे?
लोणे माहेरचं. आता सकपाळ.

कागद तिने दारातच वाचला, ओळीवर बोट ठेवून,
'कळविण्यात येते की' पासून
'कसूर करू नये' पर्यंत.
मग विचारलं, तो येईल? कुलूप लावणारा?
येईल, म्हटलं. त्याला आता खुर्ची देतात.
एक पाय काढलाय, साखरेने.

मी बर्फ आणायला गेले होते, ती म्हणाली.
हाताला चटके बसत होते, ते बर्फाचे,
एवढं नक्की आठवतं.
मला नका सांगू, म्हटलं, तिथे सांगा.
ही माझी नेहमीची ओळ.
तीस वर्षं लोक दारात बोलायला लागले
की मी ती मध्ये घालतो, छत्रीसारखी.

तर ती म्हणाली,
मागच्या वेळी तुम्हीच होतात ना?

मागची वेळ. अकरा वर्षं झाली.
तिचा बाप दार अडवून उभा,
मावशीकडे गेलीय म्हणाला, लासलगावला.
आणि पडद्याखाली दोन पाय,
एका अंगठ्यावर दुसरा अंगठा चढवलेला.
मी पाणी प्यालो, अर्धा पेला.
बाहेर येऊन भिंतीवर कागद ठेवून लिहिलं :
सदर साक्षीदार दिलेल्या पत्त्यावर मिळून आली नाही.
पैसे घेतले नव्हते. शपथेवर सांगतो.
दया म्हणावी तर त्यात आळसही होता,
उन्हाची वेळ होती, दुसरी चार समन्सं होती खिशात.
त्यानंतर फाईल कुठे झोपली, मी विचारलं नाही.

मला पडद्याखालून तुमचे बूट दिसत होते, ती म्हणाली.
डाव्याची नाडी सुटली होती.
वाटत होतं, आता हे वाकतील बांधायला,
आणि बघतील.

काय बोलणार?
मी पॅड पुढे केलं.
सही कोणत्या नावाने करू?
जुन्या, म्हटलं. खाली आताचं लिहा, आणि मोबाईल नंबर.
तिने दोन्ही नावं लिहिली,
जुन्याला वेळ लागला.

समक्ष बजावले. तारीख, वेळ, माझी सही.
पेन चालत होतं, तरी दोनदा गिरवलं.

निघताना सांगायचं ते सांगितलं :
शिवडी कोर्ट, दुसरा मजला, सोमवारी.
अकराची वेळ लिहिलीय, पण तीन वाजतात,
डबा घेऊन या.
पंख्याखालचा बाक लवकर भरतो.
साक्षीदाराचा भत्ता असतो, तो मागून घ्या, कुणी आपणहून देत नाही.
आणि पुकारा होईल तो लोणे म्हणूनच होईल.
ओळखीचं वाटलं नाही
तरी उठा.