रकाना क्रमांक नऊ

पारोळ्याहून अमळनेरकडे निघालं की
अकरा किलोमीटरचा दगड लागतो.
त्याचा रंग सुपडू नथ्थू शिंपींच्या
पांढऱ्या गाडीच्या बंपरला लागलाय,
दोन एक, उलटे.

दावा भरायला मीच बसलो.
एजंट मी; चौदा वर्षांचा घरोबा,
माझी पहिली सफारी त्यांच्याच मशीनवरची.
रकाना क्रमांक नऊ:
अपघातावेळी वाहन कोण चालवत होते?
निम्मं नाव लिहूनही झालं होतं,
नेहमीसारखं, न विचारता.

'खोड ते,' कस्तुराबाई म्हणाल्या.
कळण्याची भाकर तव्यावर तशीच.
'गाडी मी चालाडी राहिंतू.'

मग कळलं.
दोन वर्षं झाली, सुपडूभाऊंच्या डोळ्यांत
दूध सांडल्यासारखं.
समोरचा ट्रॅक्टर त्यांना आवाजाने समजायचा,
बाकीचं बाई शेजारून सांगायच्या:
म्हैस. खड्डा. जरा उजवीकडे. बस.
सांगून सांगून कंटाळल्या
आणि बाजार समितीच्या आवारात,
कापसाच्या गाड्या नसतील त्या रविवारी,
स्वतःच शिकल्या.
शिकाऊ परवाना दाखवला, फोटोत डोळे वटारलेले.
मागच्या काचेवर लाल कापडाचा एल,
कडेने ओव्हरलॉक केलेला.

शेजारी परवानाधारक लागतो, मी म्हणालो.
सुपडूभाऊंनी बंडीच्या खिशातून काढला:
सन त्र्याऐंशी, काळ्या केसांचा एक माणूस.
मुदत मार्चातच संपलेली.
नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो,
डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो.
म्हणून गेलेच नाहीत.

'मनं नाव टाकी दे,' ते हळूच म्हणाले.

कुणाचंही नाव टाकलं असतं
तरी पैसे मिळणार नव्हतेच.
म्हणून खरं बोलणं सोपं गेलं असेल, असं म्हणता आलं असतं,
पण बाईंना हे ठाऊक नव्हतं.

रात्री घरी जुने फॉर्म काढले.
दृष्टीत काही दोष? नाही.
गाडी आणखी कोणी चालवतं? नाही.
सलग दोन वर्षं. अक्षर माझं.
चहा येईपर्यंत भरून झालेले.

दावा नामंजूर झाला.
बंपर अजून तसाच आहे.
फेब्रुवारीत जळगावला बाईंनी परीक्षा दिली;
मागे घेताना एक खुंटी पाडली,
पुढच्या खेपेला पाडली नाही.

यंदाच्या फॉर्मावर मुख्य चालक त्या.
मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचतो,
उत्तर येईपर्यंत पेन टेकवत नाही.
'हाई कोर्ट शे का?' बाई हसतात.
मी पुढचा प्रश्न वाचतो.

परवा मला स्टँडवर सोडायला आल्या.
डाव्या सीटवर सुपडूभाऊ,
पट्टा लावून, मान पुढे काढून.
खड्डा, ते म्हणाले,
खड्डा मागे पडल्यावर.
बाई म्हणाल्या, हो, दिसला.