दुसऱ्याच्या मापाचा चिमटा

यवतेश्वरच्या उतारावर गेला तो.
पुढचं चाक खड्ड्यात बसलं, शॉकप खाली गेला
आणि वर आलाच नाही.
डाव्या नळीवरून तेलाचा एक ओघळ,
सायकल नाक खाली घालून उभी,
फळ्यापाशी उत्तर न आलेल्या पोरासारखी.

नवा अठरा हजारांचा.
जुना मिरजेचा कुणी शार्दूल आवटी विकत होता सातला.
फोटोत नळ्या चकचकीत. मी विचारलं,
हवा धरतो का? प्रवास किती, शंभर की एकशेवीस?
ब्रेक बसेल ना?
सगळं विचारलं.

एसटीच्या पार्सलमधून आला, जुन्या चादरीत गुंडाळलेला.
चादरीवर बदकं होती.

गोडोलीत दस्तगीर मुलाणीनं चाक काढलं, ब्रेक सोडला,
हँडल केबलींसकट बाजूला लोंबकळत ठेवलं.
वरचा बोल्ट सैल केला, खालून हात धरला.
जुना चिमटा हातात उतरला त्याच्या,
अगदी मुकाट.
आतलं ग्रीस काळं, छर्रे त्यात रुतलेले.
खालची रिंग निघेना. तो स्क्रूड्रायव्हर लावून
एकदा इकडून, एकदा तिकडून टिचकी मारत राहिला.
"एकाच बाजूनं हाणलं की आडकून बसतंय, मॅडम."
मी मान हलवली. माझ्या कचेरीत रोज
दोन भाऊ एकाच बाजूनं हाणत असतात.

मग नवा, म्हणजे जुना, खालून वर सारला.
दांडी फ्रेमच्या नळीतून वर आली
आणि थांबली.
शेरडाच्या कोवळ्या शिंगाएवढीच बाहेर.
दस्तगीरनं पट्टी लावली, चष्मा वर केला, परत लावली.
"कुणीतरी आपल्या मापानं कापलीया.
लांब आसती तर मी कापून दिली आसती.
आखूडला औषीद न्हाय."

मी भूकरमापक. बावीस वर्षं.
जावळीपासून कोरेगावपर्यंतच्या बांधांना लांबी विचारत आले,
वीतभर जमिनीसाठी भर उन्हात खुणा रोवल्या,
टेपचं टोक दगडावर धरलेल्या माणसाला ओरडून सांगितलं,
हलू नका.
आणि दांडी केवढी आहे,
एवढंच विचारायचं राहिलं.

रागानं फोन लावला मिरजेला.
पोरगा म्हणाला, "माझी फ्रेम बुटकी होती, काकू.
तुम्ही विचारलं नाहीत."
मागे कुणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं.

हँडलखाली तीन कड्या होत्या, स्पेसरच्या.
दस्तगीरनं एक काढली. बसेना.
दुसरी काढली. नुसतं टोक धरलं.
तिसरी काढल्यावर बसलं,
वर जेमतेम नखाएवढी फट.
"वाकायला लागंल," म्हणाला
आणि तिन्ही कड्या माझ्या तळहातावर ठेवल्या,
सुट्टे पैसे परत द्यावेत तशा.

रविवारी कासच्या रस्त्याला लागले.
अडीच सेंटिमीटर म्हणजे काय असतं
ते नकाशावर दिसत नाही, मणक्यात दिसतं.
पूर्वी मला डोंगर दिसायचा,
आता पुढचा टायर दिसतो, त्याच्या खाचेतला खडा,
रस्त्यावर चिरडलेलं करवंद, मुंग्या.
एका अनोळखी पोराच्या बुटक्या सायकलीपुढे
मी शेहेचाळिसाव्या वर्षी वाकले होते.
गंमत म्हणजे चढ जरा हलका गेला.
छाती पुढं आली की चाक उचलत नाही,
हे त्याला ठाऊक असणार.

उतरताना त्याच खड्ड्याशी आले.
चुकवता आला असता.
खाली गेला.
मी श्वास धरला, हलू नका म्हणतात तसा.
वर आला.

कड्या अजून पर्समध्ये आहेत, टेपच्या डबीशेजारी.
परवा मोजणीला दोघं भांडत होते, तेव्हा खिशात हात घालून
त्याच फिरवत बसले.
दस्तगीर भेटला नाक्यावर.
"कंबर काय म्हणतीया, मॅडम?"
म्हटलं, म्हणतीय,
विचारायचं होतंस.