चौथा पाय

तिचे तीन पाय पहिल्या आठवड्यातच जागेवर आले.
चौथा, मागला डावा,
वीतभर मागं राहायचा,
उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या चपलेसारखा.

अक्कोळला, तंबाखू वाळवायच्या सिमेंटच्या चौकात
दस्तगीरकाकांनी चुन्याच्या फक्कीनं दोन रेघा मारल्या.
हिच्यावर पुढचे, तिच्यावर मागचे.
म्हणाले, खाटेचे खूर बघ, एक आखूड असला
की निजणाऱ्याची रात्र कुरकुरते.

घोडी चिंचलीच्या जत्रेतली, रायबागकडची.
'थांब' म्हटलं की नुसता कान हलवायची.
'निंद्र' म्हटलं की थांबायची.
शाळेत मार्कांपुरतं घेतलेलं माझं कन्नड
पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं.

पण थांबणं वेगळं गे, काका म्हणायचे,
आणि उभं राहणं वेगळं.
थांबतात सगळेच, स्टँडवर बघ की.

मागं ढकलू नको तिला.
चुकलेला पाय मागं नेऊन सुधरत नसतो.
पुढं माग एक पाऊल, अर्धंच,
आणि छडी टेकव. टेकव म्हटलं मी,
पाहुण्याच्या घरची कडी वाजवतात तशी.
पाय आला की दोरी सैल. लगेच.
तू उशिरा सोडलीस तर तिला वाटणार, चुकलंच माझं.

बारा दिवस झाले. चुन्याच्या रेघा रोज नव्या,
आणि चपल उंबऱ्याबाहेरच.
संकेश्वरहून नालबंद आला, खूर कोरला, वास घेतला,
पायात काही नाही म्हणाला आणि चहा पिऊन गेला.
चिकोडीच्या डॉक्टरनी पाठीचा एकेक मणका दाबला.
घोडीनं त्यांच्या खिशातला पेन चघळला.

तेराव्या दिवशी काका घोडीकडं पाठ करून बसले,
न पेटवलेली विडी ओठात,
आणि माझ्याकडंच बघत राहिले.
"पोरी, कुठं बघूलालीस?"
"घोडीकडं."
"डोळे घोडीकडं. आणि टाच?"

खाली बघितलं.
माझी डावी टाच उचललेली,
सगळा भार उजव्यावर, तोंड निपाणीच्या रस्त्याकडं.
अशीच उभी मी नळाच्या रांगेत,
वखारीत, तंबाखूची पानं निवडणाऱ्या बायकांच्या मागं,
बघायला आलेल्या माणसांसमोर पोह्यांच्या बशा धरून.
कुणीतरी हाक मारेल, निघावं लागेल, अशी.
कुणी मारली नव्हती. पण टाच तयार होती.

"ती तुझं बघून उभी राहते," काका म्हणाले.
"तुझ्याएवढीच."

त्या संध्याकाळी घोडी कडबा खात होती
आणि रेघांवर मी होते, अनवाणी.
दोन्ही टाचा टेकवून. सोपं नव्हतं.
पोटऱ्या भरून आल्या, कंबर कुठं ठेवावी ते कळेना,
हात तर दुसऱ्याच कुणाचे.
आई दारात आली, "काय करूलालीस गे?"
"उभी राहूलालोय."
"मग रहा. दूध उतू जाऊलालंय तेवढं बघ."

बेळगावच्या मैदानावर परीक्षक बाई धारवाडच्या,
पांढरी टोपी, हातात पुठ्ठा.
बाजूनं बघताना चारी पाय दिसले पाहिजेत,
म्हणून पलीकडचे दोन जरासे आत.
मी म्हटलं, निंद्र. अर्धं पाऊल मागितलं.
डाव्या पायानं क्षणभर विचार केला
आणि आला.

सात श्वास मोजले मी. कर्णा किंचाळला,
तिचा एक कान तिकडं गेला, पाय गेला नाही.
आठव्याला बाईंनी पान उलटलं
आणि घोडीनं मागला उजवा खूर दुमडून
खुशाल विश्रांती घेतली.
नंबर आला नाही.
काका हसता हसता खोकले, खोकता खोकता हसले.

परतताना टेम्पोत तिच्याशेजारी मीच.
वळणावर ती पाय फाकवायची, भार इकडून तिकडं न्यायची,
जे तिला कुणी शिकवलं नव्हतं,
आणि मीही, कठडा न धरता.
बाहेर अंधार, एक ढाबा, उसाच्या ट्रॉल्या.
हत्तरगीच्या नाक्यावर टेम्पो थांबला.
आम्ही दोघी उभ्या होतो.