कठडा

बोगदा ओलांडला तेव्हा ऊन होतं.
सज्जनगडाच्या फाट्यापाशी इलाहीभाईंनी वायपर लावला,
पुढच्या चढाला दिवे,
आणि थोसेघरच्या अलीकडच्या एका वळणावर
गाडी कडेला घेत म्हणाले, "हाच पॉइंट. उतरा."

समोर कठडा. कठड्यापलीकडे काही नाही.
म्हणजे धुकं,
पण इतकं जवळ, इतकं सपाट
की नुकताच चुना लावून गेलंय कुणी,
हात लावू नये.

"आत्ता होता," कणसंवाली म्हणाली,
तालुक्याच्या कचेरीत शिपाई साहेबांबद्दल सांगतो तशी.
"आत्ता होता. येईल. बसा."
कणीस पंचवीसला, तिखट-लिंबासकट.

आईने कानाचं मशीन काढलं,
रुमालात बांधलं, रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी ब्लाउजमध्ये.
एक टिपूस आत गेलं तर चौदा हजार.
म्हणजे आता माझ्या वाट्याला नुसता आवाज
आणि तिच्या वाट्याला तोही नाही.

आवाज मात्र होता. डावीकडून, खालून,
चपलेच्या तळातून.
"कसा येतोय गं?" तिने विचारलं,
स्वतःला ऐकू न येणाऱ्या त्या मोठ्या सुरात,
की फलटणची चार पोरं सेल्फी सोडून वळली.

कसा सांगू.
हाताने पडणं दाखवलं. तिने मान हलवली:
पडतो ते ठाऊक आहे.
मोबाइलवर लिहिलं, खूप मोठा.
चष्मा कपाळावर सारून तिने वाचलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं भरड आलेलं पीठ ती चिमटीत धरून बघायची.

रहिमतपुरात स्टँडच्या मागे आमची गिरणी.
वडील गेल्यावर सत्तावीस वर्षं तिनेच चालवली.
शाळू, खपली, उपासाचं वेगळं, दिवाळीत भाजणी,
आणि सकाळी आठपासून पट्ट्याचा फटफटाट.
मोटर विकली तेव्हा कान आधीच गेले होते.
घेणाऱ्याने आकडा दोनदा सांगितला,
तिसऱ्यांदा तिच्या तळहातावर बोटाने लिहिला.
ती म्हणाली, "कमी आहे."

मी 'खूप मोठा' पुसलं.
लिहिलं: आपली गिरणी. दोन्ही चक्क्या चालू.

यावर ती काही बोलली नाही.
पदर खोचला, पुढे झाली,
आणि ओल्या लोखंडी कठड्यावर तळवा टेकला, सपाट,
हॉपरवर टेकायची तसा.
दाणे संपले की दगडावर दगड घासतो,
थरथर बदलते,
त्याला कान कशाला लागतात, ती म्हणायची.

तेवढ्यात धुकं फाटलं.
पुरतं नाही, बाहीएवढं.
चक्कीच्या तोंडाला बांधलेली असते तशी कापडी बाही,
पांढरी, वाऱ्याने फुगलेली,
कड्यावरून थेट दरीत सोडलेली,
आणि तिच्यातून उतरतंय, उतरतंय,
खाली कुणाचा डबा लावलाय ते दिसत नाही.
पोरं ओरडली. इलाहीभाई गाडीतून धावत आले.
मी आईचं कोपर ओढलं. बघ. अगं बघ ना.
तिचे डोळे मिटलेले.
"थांब," ती म्हणाली. "दाणे आहेत अजून."

तिने डोळे उघडले तोवर
चुना परत लागला होता.
"आत्ता होता," मी म्हणाले,
कणसंवालीच्याच सुरात, आणि कुणालाच ऐकू न जाता.
आईने तळवा पदराला पुसला,
कणसाचं अर्ध मला दिलं, कोवळ्या बाजूचं.

फाट्याच्या खाली पाऊस विरळ झाला तेव्हा
तिने मशीन कानात घातलं, खाजवून नीट बसवलं.
जरा वेळ ऐकत राहिली.
"पट्टा सैल झालाय," ती म्हणाली.
"वायपर आहे, मावशी," इलाहीभाई म्हणाले,
"रबर बदलायचंय."