ठ च्या पोटात

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
शुक्रवारी आमच्या गाळ्याची लाइट जाते
तेव्हा माझा चार्जर ठकूबाईच्या टपरीत,
साखरेच्या डब्यामागे.
तांबडा दिवा हिरवा होईपर्यंत
मी दोन कटिंग पितो, ती पैसे एकाचेच घेते.

म्हणून एकदा म्हणालो,
मावशी, तुमच्या नावाची पाटी करून देतो.
नावानं चहा गोड व्हतो का रं, म्हणाली.
दुसऱ्या दिवशी टपरीची रुंदी
सुतळीने मोजून, गाठ मारून ठेवली होती.

बारा मिलिमीटरचा प्लाय.
जिगसॉचे दात वर बघतात,
वर येताना लाकडाची साल काढतात,
म्हणून चांगली बाजू खाली, पालथी,
आणि पाठीवर अक्षरं उलटी,
उजवीकडून डावीकडे.
कू उलटा, बा उलटा,
ई तर मलाच ओळखू येईना.
ठ एकटा दोन्हीकडून ठ.

फडक्याला हात पुसत ती आली, वाकली.
"हे माझं नाव न्हाय."

ठ चं पोट बाहेरून कापता येत नाही.
आधी ड्रिलने भोक,
त्यातून पातं आत सोडायचं,
तळपट्टी नीट टेकवायची,
मग खटका.
हवेतच चालू केलं तर माकडासारखं उडतं.
आणि ढकलायचं नाही.
ढकललं की पातं वाकतं,
वरून गोल, खालून भलतंच,
आणि जळका वास.
वळणावर हात नुसता बरोबर चालला पाहिजे,
लग्नात म्हाताऱ्या पाहुण्याला स्टेजवर नेतात तसा.

ऊकाराची शेपटी दोनदा तुटली.
तिसऱ्यांदा बारीक दातांचं पातं लावलं,
बॅटरी काढून, मगच.
माझ्या चुलत्याचं बोट
या एका आळसापायी पेराएवढं आखूड आहे.

ई च्या डोक्यावरच्या तुऱ्याशी बॅटरी संपली.
परत साखरेच्या डब्यामागे.

संध्याकाळी भुसा झाडतो,
रंगाच्या जुन्या ब्रशाने, पार फटीफटीतून.
पात्यामागच्या चाकाला तेलाचा एक थेंब.
दोन दिले की भुशाची कणीक होते.
बॅटरी वेगळी काढून, अर्धी भरलेली, सावलीत.
पत्रकात छापलंय, पूर्ण उतरू देऊ नका,
तापली असेल तर थांबा.
ठकूबाई साडेचारला स्टो पेटवते, दहाला विझवते.
तिच्याबरोबर पत्रक आलं नव्हतं.

पाटी सुलटी करून टांगली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग ठ च्या आतून बोट फिरवलं, गोल.
"हे भोक बुजवायचं न्हाय ना?"
नाही मावशी, भोक आहे म्हणून तर ठ.
"अन् हितली चकती? टाकलीस?"

खिशातच होती.
आता आल्याच्या बरणीवर झाकण आहे,
थोडं सैल बसतं.